परक्या बोलीतला दम

॥ श्री ॥
बोरजाईवाडी, चाकण
दि. २३ नोव्हेंबर २०२५

ती. सुमनताईस,
धाकट्या मारुतीचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुझी वाट पाहून पाट मांडून ठेवला होता. दुपारपर्यंत त्यावर मांजर बसलं होतं. तुझी भावजय अंबू म्हणाली, निदान त्याला तरी ओवाळते. तू न येण्याचं कारण कळवलं नाहीस, आणि मी विचारणार नाही. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे.

तू फोन कपाटात टाकलास ते एका परीनं बरंच झालं. मेसेज लिहायला गेलं की माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. जन्मभर फळ्या उचलून बोटांचे पाटे झालेत. पत्रात हात कसा सैल सोडता येतो. आमची लाकडी खोकी आता पोलंडपर्यंत जातात म्हणे. मी सातवी पास, माझी खोकी समुद्र ओलांडतात, आणि मी अजून कराडपर्यंत धड येत नाही.

आता तुझे आवाज. तुझे कान गेल्यापासून दर पत्रात आवाज लिहून पाठवायचे हे आपलं ठरलेलं आहे, तर या महिन्याचे घे. थंडी पडली की इथला आवाज जमिनीलगत चालतो. दिवेलागणीला कंपनीतल्या प्रेसचा ठोका लांबून येतो, धप्प, धप्प, झोपलेल्या म्हशीची छाती वरखाली व्हावी तसा. ट्रेलर मागे घेताना पिंपिं करतो. मग नदीकडून धुकं येतं आणि हे सगळे आवाज त्यात भिजून जड होतात. परवा असाच शाळेच्या कुंपणाला टेकून डोळे मिटून उभा होतो, आणि त्या धुक्यातून हुतुतूचा दम आला.

पण तो हुतुतू नव्हता, ताई. एक पोरगी हा-डु-डु, हा-डु-डु म्हणत होती, विहिरीत घागर बुडावी तसा आवाज. दुसरी सडुगुडु, सडुगुडु, ओल्या मातीवरून गाडीचं चाक जावं तशी. तिसरी आपल्या गणराजची नात इंद्रायणी, तिचं सरळ कबड्डी कबड्डी. मी डोळे उघडलेच नाहीत. वाटलं, उघडले तर हे थांबेल.

नंतर चौकशी केली. हाडुडुवाली पियाली, तिचे आईबाप बंगालचे. आई माझ्याकडेच खिळे ठोकायला येते. सडुगुडुवाली कयल, बाप तमिळ, कंपनीत फिटर. आपल्या गावच्या बहुतेक लोकांची पोरं पिवळ्या बसमधून मोशीला इंग्रजी शिकायला जातात. आपली जिल्हा परिषदेची शाळा बंदच पडायची होती. मग गावानं चाळी बांधून खोल्या भाड्यानं दिल्या, आणि भाडेकरूंच्या पोरांनी शाळा भरली. आता मधल्या सुट्टीत इतक्या बोली ऐकू येतात की चाकणच्या बाजारात मिरच्या विकायला देशभरातून बायका बसल्यात असं वाटावं.

शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून मला जानेवारीच्या शेवटी मोठा सोहळा करायचा आहे. मुख्याध्यापिका मधुवंतीबाई भली बाई, पण त्यांची कल्पना अशी की प्रत्येक राज्याच्या पोरांनी आपापला पोशाख घालून नाचायचं. म्हणजे लुंगी नेसलेला पोरगा हा तमिळनाडू, आणि आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. मी म्हटलं, नाच ठेवा खुशाल, पण कबड्डी ठेवा. त्यात एकमेकाला हात लावावा लागतो.

पोरींना धड शिकवणारं कुणी नाही. तीन वर्षं झाली, तू मैदानाचं तोंड पाहिलेलं नाहीस. मी तुला बोलवत नाहीये. नुसतं सांगतोय.

लोभ आहेच, उणा झाला तर परत कळव, भरून घ्यायला मी येईन.

तुझा,
मारुती


॥ श्री ॥
कराड
दि. २ डिसेंबर २०२५

चि. मारुतीस,
सुमनताईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. घागर आणि चाक दोन्ही ऐकू आले. तुझ्या लेखणीला कान आहेत हे मी नेहमी सांगते, पण तुझ्या डावपेचांना शेपूट असतं आणि ते दारातच अडकतं. "मी तुला बोलवत नाहीये" असं लिहून बोलावणारा माणूस मी लहानपणापासून ओळखते. तू असाच माझ्या वाट्याची करंजी मागायचास.

मी येणार नाही. कारण एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा तुला आडून विचारावं लागणार नाही.

त्या शेवटच्या जिल्हा सामन्यात मी पंच होते. तेव्हा अर्धंच ऐकू येत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. चढाईवरच्या मुलीचा दम मध्येच सुटला. सगळ्या मैदानानं ऐकलं. मी ऐकलं नाही. मी तिला गुण दिला. मग पाहते तो चारी बाजूंनी तोंडं उघडलेली. लोक ओरडत होते की हसत होते तेसुद्धा मला कळेना. नुसती उघडी तोंडं, मारुती, आणि आवाज नाही. पाण्याखालून वर पाहावं तसं. त्यांतला एक प्रशिक्षक माझ्याजवळ आला आणि त्यानं स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. मी शिट्टी टेबलावर ठेवली आणि घरी आले.

डॉक्टरांनी दिलेलं यंत्र घालते कधीकधी. त्यानं चमच्याचा आवाज विजेसारखा होतो आणि माणसाचा आवाज पिठासारखा. काढून ठेवलं की बरं वाटतं. रात्री मात्र एक गंमत होते, ती तुलाच सांगते. स्वप्नात मला अजून सगळं ऐकू येतं. आपल्या खळ्यावर मी दम घुमवत जाते, समोर तू, अंगावर तेच फाटकं बनियन, आणि दम संपतच नाही. जागी झाले की खोलीत एवढी शांतता असते की काही वेळ वाटतं, स्वप्न आत्ता सुरू झालंय.

तुझ्या पोरींसाठी एवढंच: शब्दाला महत्त्व नाही. आम्ही हुतुतू म्हणायचो, मग कबड्डी म्हणा असं सांगण्यात आलं. मैदान तेच राहिलं, रेषा तीच राहिली. चढाई करणारीनं परक्या अंगणात एका श्वासावर जायचं आणि त्याच श्वासावर परत यायचं. शब्द असतो तो फक्त श्वास घेतला नाही याची साक्ष म्हणून. ज्या शब्दावर ती लहानपणी श्वास रोखायला शिकली, त्याच शब्दावर तो टिकतो. तिला तिचा शब्द म्हणू द्या.

अंबूला आशीर्वाद. मांजराला ओवाळणी काय घातली ते कळव.

तुझ्यावर रागावलेली, पण फार नाही,
सुमनताई


॥ श्री ॥
बोरजाईवाडी, चाकण
दि. १७ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
मारुतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. त्या प्रशिक्षकाचं नाव तू लिहिलं नाहीस ते चांगलं केलंस. यापुढे त्या गोष्टीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही.

पण इथं घोटाळा झालाय आणि त्याला थोडी तूही जबाबदार आहेस. तुझं वाक्य मी समितीच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं: तिला तिचा शब्द म्हणू द्या. मधुवंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गणराजच्या आलं नाही. तुला माहीत आहे, गावातला कबड्डीचा पंच तोच, पुस्तकातला नियम त्याला आरतीसारखा पाठ. तो म्हणाला, नियमात शब्द एकच आहे, कबड्डी. पहिल्याच सरावाला त्यानं पियालीला हाडुडु म्हटलं म्हणून बाद केलं. पोरीनं कबड्डी म्हणून पाहिलं, तर चार पावलांत जीभ अडखळली आणि दम सुटला. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिची आई खिळे ठोकताना माझ्याकडे बघेना.

मी गणराजला चहा पाजला, भावकी काढली, जुनी दोस्ती काढली. शेवटी तो म्हणाला, बरं राव, घरचाच खेळ आहे, म्हणू दे तिला काय म्हणायचं ते. पण त्यानं एक प्रश्न टाकला. म्हणाला, मला बंगाली येत नाही, तमिळ येत नाही. सडुगुडु सडुगुडु असं गरगर फिरवताना पोरीनं मध्येच श्वास चोरला तर मला कळणार कसं? न्याय कुणी करायचा?

ताई, मी छाती पुढे काढून म्हटलं, मी करतो. सगळ्या वाडीला माझे कान ठाऊक आहेत. करवतीच्या आवाजावरून मी सांगतो की लाकूड ओलं आहे की सुकं. टेम्पो वळणावर असताना कोणता चालक आहे ते सांगतो. म्हटलं, दम सुटलेला मला कळणार नाही होय?

पियालीला समजावून परत आणलं आणि रविवारी सामना ठेवला. गळ्यात शिट्टी, अंगात नवा शर्ट. कयलला दोनदा बाद दिली, पियालीला तीनदा. इंद्रायणीला एकदाही नाही. मला खरंच ऐकू आलं होतं, देवाशप्पथ. त्या गरगरण्यात मला स्पष्ट तुटलेलं ऐकू आलं. मग गडबड सुरू झाली. पियालीचा बाप म्हणाला तमिळ पोरगी श्वास चोरते. कयलचा बाप म्हणाला बंगाली पोरगी नाकातून ओढते. दोघं एकाच चाळीत समोरासमोर राहतात, आता नळावर एकमेकांच्या बादलीला बादली लावत नाहीत.

मधुवंतीबाईंनी तो सामना मोबाइलवर टिपला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत बसून तो हळू करून ऐकला. माझे पाचही निकाल चुकीचे होते. पोरींचा दम कुठंच तुटला नव्हता. आणि इंद्रायणी, जिला मी बाद दिली नाही, तिनं एकदा सरळसरळ श्वास घेतला होता.

तेव्हापासून माझं डोकं त्याच ठिकाणी फिरतंय. मी लबाडी केली नाही. माझे कान तीक्ष्ण आहेत, पण ते माझे आहेत, या वाडीचे. आपल्या बोलीत दोन शब्दांमधली फट कानाला कळतच नाही, तो आपणहून ती सांधून घेतो. परक्या बोलीत मात्र जिथं तिथं फटीच फटी ऐकू येतात. अन् हे मला साठीला आल्यावर कळलं. कामावर माझ्याकडे सगळ्या मुलखांची माणसं आहेत. आजवर किती जणांचं बोलणं मी असं तुटकं ऐकलं असेल, कोण जाणे.

तर एक विचारतो, आणि यात शेपूट नाही. कानाशिवाय दम ओळखायचा काही उपाय आहे का?

तुझ्या लोभावर जगणारा,
मारुती


॥ श्री ॥
कराड
दि. २६ डिसेंबर २०२५

चि. मारुतीस,
अ. उ. आ.

नवा शर्ट घालून पाच निकाल चुकवलेस हे वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारची पद्मा दार वाजवून आली. अर्थात दार वाजलेलं मला कळलं नाही. ती खिडकीतून हात हलवत होती.

उपाय आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या सज्ज्यातून नदीकाठचं मैदान दिसतं. संध्याकाळी मुलं तिथं खेळतात. पहिल्या वर्षी मी खिडकी लावून घ्यायची. मग एकदा लावायची राहिली आणि मी पाहत बसले. त्या वेळी नदीवरचा उजेड असा असतो की माणसं सावल्यांसारखी पाण्यावर चालल्यासारखी दिसतात. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की कोणाचा दम कधी सुटला ते मला कळतंय. आधी वाटलं भास आहे. मग रोज पाहिलं.

दम चालू असताना पोट हळूहळू आत जातं, ओहोटीसारखं, आणि खांदे जागेवर राहतात. कुणी श्वास चोरला तर गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे जी खळी असते, ती एकदम आत जाते. पापणी मिटावी एवढंच. ओठ खोटं बोलू शकतात, ती खळी बोलू शकत नाही. आणि तिला कोणतीही बोली येत नाही.

हे गणराजला वाचून दाखव. एका वेळी एकीच्याच गळ्याकडे पाहायचं, पायांकडे मदतनीस पाहतील. त्याला जमेल.

मी येणार नाही, हे खाली पुन्हा लिहिते, कारण तू शेवटची ओळ आधी वाचतोस.

तुझी,
सुमनताई


॥ श्री ॥
बोरजाईवाडी
दि. ९ जानेवारी २०२६

वन्संना अंबूचा नमस्कार.

मी सांगते आन् नात सलोनी लिहिते. तिला बजावलंय, माझं बोलनं सुधरायचं न्हाई. ह्यांना या पत्राचं ठावं न्हाई.

गणराजभावजींना तुमची खळी जमली न्हाई. त्यांची नजर घडीघडी पोरींच्या पायाकडं जाती. चाळीस वरसांची सवय. दोन दिवस बघितलं आन् म्हणाले डोळं गरगरत्यात. आता सोहळ्यात कबड्डी न्हाईच, नुसता नाच, असं ठरत आलंय. मधुवंतीबाई गप गप असत्यात. पोरी मातूर रोज सांजच्याला जमत्यात. आता तर सगळ्या एकमेकीचा शब्द शिकल्यात. इंद्रायणी सडुगुडु म्हणत जाती आन् कयल हाडुडु. कोन कुठली ते अंधारात कळत न्हाई.

तुमचा भाऊ काय करतो ते ऐका. त्यो कानात कापूस घालून मैदानावर उभा ऱ्हातो. म्हणतो, ताईला कसं दिसतं ते बघतोय. काल तसाच घरी आला, मी भाकरी करपली म्हणून हाका मारती, आन् ह्यो चुलीपाशी बसून हसतोय.

आता माझं म्हननं. तुमी लिहिलंत, तिथं लोकांची नुसती तोंडं दिसली, आवाज न्हाई. ऐकून मला वाईट वाटलं. पन वन्सं, हितं येऊन बगा. आमच्या चाळीत निम्म्या बायांचं बोलनं निम्म्या बायांना कळत न्हाई. पियालीची आय आन् मी, आमाला एकमेकीचं एक अक्षर कळत न्हाई. तोंडं बघूनच आमचं चालतं. ती हसली की मी हसती, तिनं डोळं पुसलं की मी चहा टाकती. हितं सगळीच बहिरी हायत. तुमी एकल्याच काय घेऊन बसलाय?

पुरणपोळी करू का गुळाची पोळी, तेवढं कळवा.

तुमची भावजय,
अंबू


॥ श्री ॥
कराड
दि. १६ जानेवारी २०२६

चि. सौ. अंबूस,
अ. उ. आ.

गुळाची पोळी.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी येते. कबड्डी ठेवा, पंच मी होईन. हार नको, भाषण नको, माझ्याबद्दल कुणी गोड बोलायचं नाही. पंचाला ऐकू येत नाही हे मात्र सामन्याआधी सगळ्यांना स्पष्ट सांगायचं. ज्याला नको असेल त्यानं तेव्हाच सांगावं.

माझे हात आत्तापासून गार पडलेत. हे त्याला सांगू नकोस.

तुझी,
सुमनताई


॥ श्री ॥
बोरजाईवाडी, चाकण
दि. ४ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
मारुतीचा सा. न. वि. वि.

तू रविवारी पहाटेच्या गाडीनं निघून गेलीस. अंबूनं डबा दिला तो घेतलास, माझ्या डोक्यावर हात ठेवलास, आणि एक शब्द बोलली नाहीस. तेव्हापासून मी विचार करतोय की तू रागावलीस, की दुखावलीस, की नुसती दमलीस. तुझा चेहरा मला वाचता येत नाही; मी आपला कानाचा माणूस.

म्हणून मला जे येतं तेच करतो. शनिवारचे आवाज लिहून पाठवतो, कारण तू तिथं मधोमध उभी होतीस आणि त्यांतलं काहीच तुझ्यापर्यंत आलं नाही.

गणराजनं भोंग्यावर सांगितलं की पंच सुमनताईंना ऐकू येत नाही, त्या डोळ्यांनी दम बघतील. तेव्हा कुजबूज झाली. मग ती बंगालीत झाली, तमिळमध्ये झाली, बिहारी बायांच्या घोळक्यात झाली. एकच वाक्य वेगवेगळ्या नळांतून गळावं तशी. नको म्हणून कुणी हात वर केला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, आमचं तरी कुठं कोणाला ऐकू जातं. त्यावर हशा झाला, पण तो चांगला हशा होता, ताई. मला फरक कळतो.

तू संघ राज्यांवरून पाडू दिले नाहीस, मैदानाच्या दोन टोकांच्या झाडांवरून पाडलेस, चिंच आणि लिंब, त्यामुळे पहिली पंचाईत प्रेक्षकांची झाली. पियालीच्या बापाला कळेना ओरडायचं कुणासाठी, कारण त्याच्या पोरीच्या संघात इंद्रायणी आणि काही तमिळ पोरी, आणि समोर कयलबरोबर बंगाली पोरी. थोड्या वेळानं तो आणि कयलचा बाप शेजारी शेजारी उभे राहून दोन्हीकडून ओरडत होते. पोरी एका चढाईला एक शब्द, दुसऱ्या चढाईला दुसरा. शेवटी शेवटी माझ्या कानाला ते वेगळे लागेनात. मी डोळे मिटले, आणि खरं सांगतो, ते सगळं मिळून एकच लांब घुमणं झालं, आपली आई जात्यावर बसायची तसं, शब्द विरून गेलेलं.

मग शेवटची चढाई. गुण बरोबरीत, पियाली लिंबाच्या अंगणात. तिनं कयलला शिवलं आणि परत फिरली. तेव्हा एवढा कल्लोळ झाला की मला माझाच आवाज ऐकू येईना. तिचा हाडुडु तर कुणालाच ऐकू आला नाही, शेजारी उभ्या असलेल्या गणराजलाही नाही. पोरगी रेषेवर पडली, चिंचवाले उड्या मारायला लागले, आणि तू हात वर करून तिला बाद दिलीस.

ताई, त्या क्षणी काय ऐकू आलं ते लिहितो. काहीच नाही. प्रेसचा ठोका होता की थांबला होता ते मला आठवत नाही. एवढं सगळं माणूस आणि आवाजाचा कण नाही. माझ्या मनात आलं, तू राहतेस ती जागा ही. मग पियालीचा बाप ओरडला, चिंचवाले ओरडले, आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तू पांढरी पडली होतीस. मी पुढे यायला निघालो होतो. गणराजनं माझा दंड धरला.

तेवढ्यात पोरगी उठली. धापा टाकत तुझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, बरोबर. माझा दम सुटला." तुला ऐकू येत नाही हे तिच्या लक्षात आलं असणार, म्हणून तिनं आपल्या गळ्याखालच्या खळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

त्यानंतर जो आवाज झाला तो लिहायला माझ्याकडे शब्द नाही. तू पाठमोरी झाली होतीस, म्हणून सांगतो: तो तुझ्यासाठी होता. चिंच हरली आणि चिंचवालेसुद्धा ओरडत होते.

आता तूच सांग, रागावलीस का?

उत्तराची वाट पाहणारा,
मारुती


॥ श्री ॥
कराड
दि. ११ फेब्रुवारी २०२६

चि. मारुतीस,
सुमनताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले नाही. तुझ्या घरी रडले असते तर अंबूनं चहा टाकला असता आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या चाळीनं प्यायला असता. म्हणून एसटीत रडले. खिडकीशी जागा मिळाली होती. कात्रजच्या घाटात धुकं होतं, काचेत माझाच चेहरा दिसत होता, आणि तो मला बऱ्याच दिवसांनी ओळखीचा वाटला.

तू आवाज पाठवलेस. मी दिसलं ते पाठवते. हात वर केला तेव्हा चारी बाजूंनी पुन्हा तीच उघडी तोंडं. तीच, मारुती. मला खळी आत गेलेली दिसली होती, पण मनात आलं, पुन्हा चुकलीस म्हातारे. त्या मुलीनं नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी बहिरी, ती एवढीशी, सगळं मैदान तिच्या बाजूनं. तिला कुणी खोटं म्हटलं नसतं. मलाही म्हणता आलं नसतं. ती उठून माझ्याकडे येत होती तेव्हा ती काय करणार हे मला माहीत नव्हतं. तिचे गुडघे सोललेले होते. चेहऱ्यावर माती, आणि मातीतून घामाच्या रेघा. मग तिनं बोट गळ्याशी नेलं. एवढं मोठं सत्य एवढ्याशा बोटावर मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पाठमोरी झाले कारण मला शिट्टी ओठांतून काढता येईना. आवाज माझ्यासाठी होता हे तू लिहिल्यावर कळलं. पाठीला काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं खरं. मला वाटलं वारा आहे.

आता कामाचं. पियालीचा दम शेवटच्या दोन पावलांत सुटतो. तिची छाती चांगली आहे, शब्दही पक्का आहे. दोष नजरेचा आहे. ती परतताना रेषेकडे पाहते. रेषा दिसली की माणूस सुटकेचा श्वास आधीच घेतो. तिला रेषेच्या पलीकडे, लांब, झाडाच्या शेंड्याकडे पाहायला शिकवलं पाहिजे. कयल उलट फार लांब पाहते आणि पकडीत सापडते. इंद्रायणी आळशी आहे. गणराजला वाईट वाटेल, पण आहे. हे पत्रातून होणारं काम नाही. रोज संध्याकाळी समोर उभं राहून, पोरीच्या पाठीवर हात ठेवूनच ते होतं.

मैदानाकडे खिडकी असलेली खोली झाडून ठेव. सोमवारी येते. सामान जास्त आहे, टेम्पो पाठव, आणि चालक कोणता आहे ते वळणावर ओळखून दाखव.

अंबूला सांग, पोळ्या कर. परत जायची तारीख मात्र मला कुणी विचारू नये.

लोभ आता समोरासमोर,
सुमनताई